चिंतेवरील औषधाचे पहिले सहा आठवडे

व्यापार आणि चिंता यांची सोबत फार जुनी आहे. माल वखारीत पडून असता भाव उतरणे, उधारी वेळेवर वसूल न होणे, बँकेच्या हप्त्याची तारीख जवळ येणे, कराची नोटीस हाती पडणे, या गोष्टींनी ज्याची झोप कधीच मोडली नाही असा व्यापारी विरळा. ही चिंता प्रसंगापुरती असते व प्रसंग सरला की तीही सरते. परंतु काहींच्या बाबतीत तसे घडत नाही. वसुली होते, हप्ता भरला जातो, तरी छातीतील धडधड थांबत नाही. पहाटे तीन वाजता जाग येते ती पुन्हा डोळा लागू देत नाही. फोनची घंटा वाजली तरी पोटात गोळा येतो. हृदयविकार तर नव्हे ना, या शंकेने पुनःपुन्हा हृदयाची तपासणी करविली जाते व ती प्रत्येक वेळी निर्दोष निघते. असे महिनोन्महिने चालले म्हणजे वैद्यकशास्त्र त्यास चिंताविकार म्हणते. तो मनाचा दुबळेपणा नव्हे, की धर्मश्रद्धा उणी पडल्याची खूणही नव्हे. मधुमेह किंवा रक्तदाब यांप्रमाणेच तो एक विकार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

आपल्या समाजात अशा विकारासाठी डॉक्टरांकडे जाण्याचा संकोच पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी झाला आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु त्यापुढे एक नवीन अडचण उभी राहते. मोठ्या धैर्याने मनुष्य डॉक्टरांकडे जातो, औषध घेऊन येतो, दोन-तीन दिवस ते घेतो. आणि मळमळ, डोकेदुखी किंवा वाढलेली अस्वस्थता यांनी घाबरून चौथ्या-पाचव्या दिवशी ते बंद करून टाकतो. "औषध आपल्याला मानवले नाही," असा निष्कर्ष काढून तो पुढे कित्येक वर्षे त्या दुखण्यासह संसार व व्यापार ओढीत राहतो. वास्तविक त्याने औषध ज्या दिवशी सोडले, त्यानंतर थोड्याच दिवसांत त्रास ओसरावयाचा व गुण यावयास आरंभ व्हावयाचा असा पुष्कळदा संभव असतो. हे नुकसान केवळ माहितीच्या अभावी होते. ती माहिती सभासद बंधुभगिनींपुढे ठेवावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. औषध कोणते व किती घ्यावे हे सांगण्याचा अधिकार डॉक्टरांचाच होय.

ही औषधे कोणती?

चिंताविकारावर दीर्घकाळ देण्यासाठी आज प्रथम ज्यांचा विचार होतो, त्या औषधांच्या वर्गास संक्षेपाने एसएसआरआय असे म्हणतात. सर्ट्रालीन, एसिटालोप्राम, पॅरोक्सेटीन व फ्लुऑक्सेटीन ही त्यांतील परिचित नावे. व्हेन्लाफॅक्सीन व ड्युलॉक्सेटीन ही त्यांचीच जवळची भावंडे. यांस "नैराश्यावरील औषधे" असेही म्हटले जाते. वेष्टनासोबतच्या माहितीपत्रकात तो शब्द वाचून "मला तर नैराश्य नाही, मग हे औषध कशाला?" असे पुष्कळांस वाटते. परंतु नैराश्यासाठी शोधिली गेलेली ही औषधे चिंताविकारावरही गुणकारी ठरली असून दोन्हींसाठी ती दिली जातात. त्यांची सवय अथवा चटक लागत नाही. मात्र ती एकाएकी सोडताही येत नाहीत, हे पुढे येईलच.

त्रास आधी, गुण मागाहून

मेंदूतील मज्जापेशी एकमेकींस निरोप धाडण्यासाठी जी द्रव्ये वापरतात त्यांपैकी सेरोटोनिन हे एक आहे. पेशीने सोडलेले हे द्रव्य काम झाल्यावर ती पुन्हा शोषून घेते. ही औषधे ते शोषण रोखतात व त्यामुळे सेरोटोनिन पेशींमधील जागेत अधिक वेळ राहते. ही क्रिया पहिल्या गोळीपासूनच सुरू होते. परंतु चिंता कमी होण्यास तेवढेच पुरेसे नसते. वाढलेल्या सेरोटोनिनशी मज्जापेशींना हळूहळू जुळवून घ्यावे लागते व त्या फेरबदलास काही आठवडे लागतात.

शरीरातील सेरोटोनिनपैकी सुमारे 90 टक्के मेंदूत नसून आतड्यांत असते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. म्हणून औषध सुरू होताच पहिली तक्रार पोट करते. मळमळ होते, भूक मंदावते, शौचास पातळ होते. मेंदूचाही समतोल आरंभी थोडा ढळतो, आणि ज्या अस्वस्थतेसाठी औषध घेतले तीच काही दिवस वाढल्यासारखी वाटते. औषध चुकीचे असल्याची ती खूण नव्हे. व्यापाऱ्यास ही गोष्ट समजणे कठीण नाही. नवीन पेढी उघडताना भाडे, फर्निचर व माल यांत पैसा आधी जातो आणि गल्ल्यात तो पुढे येतो. पहिल्या आठवड्याचा खर्च पाहून कोणी पेढीचे दार लावून घेत नाही.

सर्वसाधारण वेळापत्रक असे असते. पहिला आठवडा त्रासाचा. दुसऱ्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी व बेचैनी बहुधा ओसरू लागतात. दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात गुणाची पहिली चिन्हे दिसतात. पुष्कळदा ती रुग्णाच्या आधी घरच्यांच्या ध्यानात येतात. चिडचिड कमी झालेली असते, जेवताना मनुष्य दोन शब्द बोलू लागतो. पुरता गुण येण्यास सहा ते आठ आठवडे, क्वचित बारा आठवडेही लागतात. याच कारणाने डॉक्टर मात्रा लहान ठेवून आरंभ करतात. सर्ट्रालीन पुष्कळदा 25 मिलिग्रॅमने सुरू करून आठवड्याने 50 केले जाते, तर एसिटालोप्राम 5 ने सुरू करून 10 केले जाते. अल्प मात्रा पाहून "एवढ्याशा गोळीने काय होणार?" असे म्हणू नये, व लवकर गुण यावा म्हणून स्वतःच्या विचाराने ती वाढवूही नये.

कोणत्या त्रासास कोणता उपाय?

मळमळ : गोळी रिकाम्या पोटी न घेता न्याहारीबरोबर किंवा जेवणाबरोबर घ्यावी. पहिले काही दिवस तळलेले, तिखट व जड पदार्थ टाळून खाखरा, मऊ भात, मुगाचे कढण असे हलके अन्न थोडे थोडे घ्यावे. ओले आले वर्ज्य असलेल्या आपल्या घरांत सुंठ असतेच; चिमूटभर सुंठ घातलेले कोमट पाणी पुष्कळांस बरे वाटते.

पातळ शौच व डोकेदुखी : पाणी भरपूर प्यावे. डोके फारच दुखल्यास पॅरासिटामॉल सामान्यतः चालते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या मात्र डॉक्टरांस विचारल्यावाचून घेऊ नयेत, कारण त्यांच्या संगतीने पोटात रक्तस्राव होण्याचा संभव वाढतो.

झोप उडणे किंवा गुंगी येणे : एकच औषध एकास जागवते तर दुसऱ्यास झोपविते. झोप उडत असल्यास गोळी सकाळी घ्यावी. दिवसा गुंगी येत असल्यास ती सायंकाळकडे नेता येते. हा बदल डॉक्टरांस फोनवर विचारूनही करता येतो. आपल्या अंगावर औषधाचा परिणाम कसा होतो हे कळेपर्यंत, विशेषतः पहिला आठवडाभर, लांब पल्ल्याची मोटार स्वतः चालवू नये.

धडधड, हातास कंप, बेचैनी : येथे दुकानातील चहाकडे लक्ष द्यावे. प्रत्येक गिऱ्हाइकासोबत अर्धा कप या हिशोबाने दिवसाकाठी आठ-दहा चहा होणे आपल्याकडे नवल नाही. चहा-कॉफीतील कॅफीन हीच लक्षणे वाढविते. पहिला महिना दोन कपांवर भागवावे व दुपारनंतर चहा घेऊ नये. मात्र नेहमीचा चहा एकदम तोडल्यास डोके दुखते, म्हणून तो दोन-तीन दिवसांत उतरवावा. रोज अर्धा तास चालणे व संथ श्वसन यांचाही उपयोग होतो. ज्यांस सामायिकाची सवय आहे त्यांनी ती मोडू नये. बेचैनीमुळे अठ्ठेचाळीस मिनिटे चित्त स्थिर राहिले नाही तरी मनास दोष देऊ नये.

तोंडास कोरड व घाम : पाण्याचे लहान लहान घोट घ्यावेत. हा त्रास धोक्याचा नसतो.

दांपत्यजीवनातील अडचण : इच्छा मंदावणे किंवा तृप्तीस विलंब होणे हा या औषधांचा परिणाम बऱ्याच स्त्रीपुरुषांत आढळतो. संकोचामुळे तो कोणी सांगत नाही व तेच औषध गुपचूप सोडण्याचे कारण होते. हा त्रास इतरांप्रमाणे आपोआप ओसरेलच असे नाही. म्हणून तो डॉक्टरांस स्पष्ट सांगावा. मात्रा कमी करणे अथवा औषध बदलणे हे मार्ग त्यांच्यापाशी असतात.

या सर्वांसाठी एक साधन आपल्या हातचे आहे. रोजकीर्द लिहिणाऱ्यास ते शिकवावे लागणार नाही. एका लहान वहीत रोज रात्री चार ओळी लिहाव्या : गोळी किती वाजता घेतली, झोप किती तास झाली, कोणता त्रास झाला, आणि चिंता दहापैकी किती होती. पंधरा दिवसांनी ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी. "काहीच फरक नाही" असे वाटत असता पहिल्या दिवसाचा आठ आणि चौदाव्या दिवसाचा सहा हे आकडे समोरासमोर आले म्हणजे मनास धीर येतो. एखादे दिवशी गोळी राहून गेली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. नेहमीची एकच घ्यावी.

आहारनियम, चौविहार व उपवास

आपल्या घरांत उद्भवणारे काही प्रश्न डॉक्टरांस ठाऊक नसतात. ते आपणच त्यांना सांगितले पाहिजेत.

पहिला चौविहाराचा. यांतील बहुतेक औषधे दिवसातून एकदाच घ्यावयाची असतात. नवकारशीनंतर न्याहारीबरोबर अथवा सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाबरोबर ती सहज घेता येतात. चिठ्ठीवर "रात्री झोपताना" असे लिहिले असेल तर गैरसमजाने गोळी चुकविण्यापेक्षा तेथल्या तेथे वेळ बदलून मागावी. कोणतीही एक वेळ ठरवावी व तीच रोज पाळावी, हे महत्त्वाचे.

दुसरा कॅप्सूलचा. कॅप्सूलचे आवरण पुष्कळदा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांची हाडे व कातडी यांपासून केलेले असते. सर्ट्रालीन व एसिटालोप्राम गोळ्यांच्या रूपात मिळतात. फ्लुऑक्सेटीन व ड्युलॉक्सेटीन बहुधा कॅप्सूलमध्ये येतात. आपली अडचण सांगितल्यास डॉक्टर गोळीचे औषध निवडू शकतात, अथवा वनस्पतिजन्य आवरणाची कॅप्सूल मिळते का हे औषधविक्रेत्यास विचारता येते. परंतु घरी कॅप्सूल उघडून आतील भुकटी पाण्यातून घेण्याचा उपाय विचारल्यावाचून करू नये. ड्युलॉक्सेटीनचे कण आम्लापासून बचाव करणाऱ्या लेपाचे असतात. ते चावले किंवा कुटले गेल्यास औषध जठरातच नष्ट होते.

तिसरा प्रश्न उपवासाचा. पर्युषण किंवा दशलक्षण पर्व पुढे आठ-पंधरा दिवसांवर असेल तर डॉक्टरांस आधीच सांगावे. आरंभीच्या आठवड्यात मळमळ व पातळ शौच यांनी अंगातील पाणी कमी झालेले असते. त्यात केवळ पाण्यावर केलेला उपवास घेरी आणू शकतो. चिंता अगदी असह्य नसेल तर औषध पर्वानंतर सुरू करता येते, किंवा त्या वर्षी अठ्ठाईऐवजी एकासन करता येते. मात्र चालू औषध उपवासासाठी आठ दिवस बंद ठेवणे हा मार्ग नव्हे. श्वेतांबर परंपरेतील पच्चक्खाणात जे आगार, म्हणजे सवलती, सांगितल्या आहेत, त्यांत आजारपणात चित्ताची समाधी राखण्यासाठी औषध घेण्याचाही आगार आहे. आपल्या बाबतीत काय योग्य हे ज्याने त्याने आपल्या आम्नायाप्रमाणे गुरुमहाराजांस विचारावे. परंतु विचारताना विकाराचे नाव लपवू नये.

सोबतची दुसरी गोळी

पहिले आठवडे सुसह्य व्हावेत म्हणून डॉक्टर कित्येकदा क्लोनाझेपाम किंवा लोराझेपाम यांसारखी दुसरी गोळी थोड्या दिवसांसाठी देतात. या वर्गाचे पहिले औषध क्लोरडायझेपॉक्साइड 1960 मध्ये बाजारात आले व डायझेपाम 1963 मध्ये. त्यांचा गुण अर्ध्या-एक तासात जाणवतो, आणि नेमका त्यातच धोका आहे. जिचा गुण दिसत नाही ती खरी औषधाची गोळी मनुष्य सोडतो, व जी तत्काळ शांत करते तीच वर्षानुवर्षे धरून ठेवतो. काही आठवड्यांतच शरीरास तिची सवय लागू शकते, मात्रा वाढवावीशी वाटते, आणि वृद्धांत तोल जाणे व विस्मरण होणे हे प्रकार घडतात. म्हणून ही गोळी किती दिवसांसाठी आहे हे पहिल्याच भेटीत विचारून वहीत लिहून ठेवावे. शेजारच्या दुकानदाराने दिलेली "झोपेची गोळी" कधीही घेऊ नये. औषधांच्या व्यापारात असलेल्या बंधूंनीही ओळखीच्या माणसास ती चिठ्ठीवाचून देऊ नये. ते कायद्याविरुद्ध तर आहेच, पण मैत्रीस धरूनही नाही.

वाट न पाहता डॉक्टरांस कळविण्याची लक्षणे

वरील त्रास सोसण्याजोगे व जाणारे आहेत. पुढील लक्षणे तशी नव्हेत. जीव नकोसा होण्याचे किंवा स्वतःस इजा करण्याचे विचार येणे. पंचवीस वर्षांखालील तरुणांत आरंभीचे आठवडे याविषयी घरच्यांनी विशेष जागरूक असावे. झोप न घेताही विलक्षण उत्साह, अखंड बडबड, अविचारी खरेदी वा सौदे. ताप, स्नायू ताठणे, जोराचा कंप व भ्रम हे सर्व एकत्र होणे. अंगावर पुरळ उठून सूज येणे. काळसर शौच किंवा कोठूनही रक्तस्राव. वृद्ध मनुष्य एकाएकी गोंधळल्यासारखा होणे किंवा पडणे. रक्तातील सोडियम घटल्याचे ते लक्षण असू शकते, व रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी चालू असल्यास त्याचा संभव अधिक असतो. यांपैकी काहीही दिसल्यास पुढील तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर किंवा रुग्णालय गाठावे.

रक्त पातळ ठेवण्याची औषधे, ॲस्पिरीन, हृदयाच्या गोळ्या, वेदनेसाठी ट्रामाडॉल, तसेच घरी चालू असलेली आयुर्वेदिक औषधे, या सर्वांची यादी पहिल्याच भेटीत द्यावी. गर्भवती स्त्रियांनी, किंवा तशी शक्यता असलेल्यांनी, ते आधीच सांगावे.

घरच्यांचे काम व बाहेरची मदत

पहिले दोन आठवडे रुग्णास जो आधार लागतो तो घरचाच. "एवढ्या गोळ्या कशाला? मन खंबीर कर," हे वाक्य प्रेमापोटी बोलले जाते, परंतु आधीच डळमळणाऱ्या माणसाच्या हातून ते औषध सोडवते. त्याऐवजी "आज सहावा दिवस, डॉक्टरांनी सांगितलेच होते," असे म्हणावे. जमल्यास वडील किंवा भाऊ यांनी पंधरा दिवस पेढीवरचे मोठे व्यवहार सांभाळावेत, आणि मोठी खरेदी, भागीदारीतील बदल, नवीन कर्ज असे निर्णय पुढे ढकलावेत.

मुलामुलींच्या विवाहात अडचण येईल या भीतीने ही गोष्ट झाकली जाते. किती जणांस सांगावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. परंतु निदान घरातील एका व्यक्तीस माहीत असलेच पाहिजे. खर्चाची अडचण असल्यास आपल्या समाजाच्या गावोगावी सरकारी सोय आहे : बेळगावकरांस धारवाडची मानसिक आरोग्य संस्था, गोव्यात बांबोळी, ग्वाल्हेरचे मानसिक आरोग्यशाळा, इंदुरातील बाणगंगा, वडोदऱ्यातील कारेलीबाग व हैदराबादेतील एर्रागड्डा येथील रुग्णालये. भारत सरकारची टेलिमानस ही विनामूल्य दूरध्वनिसेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू असून 14416 या क्रमांकावर आपल्या भाषेत बोलता येते. मानसिक आजारांसही शारीरिक आजारांप्रमाणेच विम्याचे संरक्षण द्यावे, अशी तरतूद 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात आहे.

बरे वाटल्यानंतर

दोन-तीन महिन्यांनी बरे वाटू लागले की दुसरा मोह होतो : "आता गरज काय?" बरे वाटल्यानंतरही निदान सहा महिने ते एक वर्ष औषध चालू ठेवण्याचा सल्ला सामान्यतः दिला जातो, नाहीतर विकार उलटण्याचा संभव असतो. औषध थांबवावयाचे झाल्यास ते डॉक्टरांच्या सल्ल्याने पायरीपायरीने उतरवावे. एकदम सोडल्यास घेरी, चिडचिड, विचित्र स्वप्ने व डोक्यात विजेचे लहान झटके बसल्यासारखे वाटणे, असा त्रास होतो. प्रवासास निघताना गोळ्या मोजून बरोबर घ्याव्या, त्या याचसाठी.

एका औषधाने सर्वांस गुण येतो असे नाही. सहा-आठ आठवडे योग्य मात्रेत घेऊनही फरक पडला नाही तर डॉक्टर औषध बदलतात. आणि औषधाइतकाच उपयोगी असा समुपदेशनाचा मार्गही आहे व दोन्ही जोडीने चालू शकतात. परंतु चौथ्या दिवशी सोडलेल्या औषधास गुण नव्हता असे म्हणणे हा हिशोब अपुरा होय. आपण वर्षअखेरीचा ताळेबंद चार दिवसांच्या जमाखर्चावरून मांडीत नाही. तेवढाच अवधी आपल्या मनाच्या उपचारासही द्यावा, आणि घरात कोणी हा मार्ग धरला असेल तर त्याचे पहिले सहा आठवडे आपण सर्वांनी सांभाळावेत, एवढीच विनंती.